ओढा, सोडा आणि त्यामागचा कोड

आकुर्डीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग, जिग-फिक्स्चर आणि साचे घडवणारी असंख्य छोटी वर्कशॉप आहेत. अशा वर्कशॉपचे संकेतस्थळ उभारायचे झाल्यास वर्डप्रेस, विक्स किंवा वेबफ्लो ही दृश्य साधने, म्हणजे मजकूर, चित्रे आणि चौकटी माऊसने ओढून पान रचू देणारी सॉफ्टवेअर, सोयीची ठरतात. या साधनांत विकसकांसाठी कोड लिहिण्याची जागाही असते. पण तिच्याविषयीचे समज बहुधा टोकाचे असतात. काहींना वाटते की ओढून-सोडून बनवलेल्या पानात कोड नसतोच, तर काहींना वाटते की कोडची खिडकी एकदा उघडली की मग साधनाची कोणतीच मर्यादा उरत नाही.

पहिला समज किती पोकळ आहे हे सीएनसी, म्हणजे संगणकनियंत्रित, यंत्रावर काम करणाऱ्याला निराळे समजावण्याची गरज नाही. यंत्राचा प्रोग्राम तयार करणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये जॉबचे, म्हणजे घडवायच्या भागाचे, चित्र दाखवून टूलचा मार्ग निवडला, तरी यंत्र ते चित्र वाचत नाही. सॉफ्टवेअरने त्यावरून तयार केलेल्या जी-कोडच्या ओळी वाचते. दृश्य साधनातही हेच घडते: चौकट सरकवली की त्यामागे पानाची रचना सांगणाऱ्या एचटीएमएलच्या आणि रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या ओळी लिहिल्या जातात. ही कल्पना नवी नाही. 1997 मध्ये मॅक्रोमीडियाने बाजारात आणलेल्या ड्रीमविव्हरमध्येही पानाचे दृश्य रूप आणि त्याचा कोड दोन्ही हाताळता येत होते.

जी-कोडची उपमा आणखी एका बाबतीत उपयोगी पडते. यंत्र जुळवणाऱ्या सेटरने यंत्रावर उभे राहून प्रोग्राममध्ये एखादी ओळ बदलली आणि पुढे कॅममधून तोच प्रोग्राम नव्याने काढला, तर हाताने केलेली दुरुस्ती पुसली जाते, कारण ती मूळ फाइलपर्यंत कधी पोचलेलीच नसते. वर्डप्रेसमध्ये थीमच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या तयार साच्याच्या, फाइल थेट बदलणाऱ्यांचा अनुभव असाच असतो. बदल जतन झाला म्हणजे तो कायमचा झाला, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः थीमची पुढची आवृत्ती बसवताच त्या फाइल नव्याने लिहिल्या जातात. म्हणून असे बदल मूळ थीमवर अवलंबून असलेल्या, पण स्वतंत्र फोल्डरमध्ये राहणाऱ्या ‘चाइल्ड थीम’मध्ये करण्याची रीत आहे. वर्डप्रेसच्या डिसेंबर 2016 मधील 4.7 या आवृत्तीपासून मिळणारी ‘अतिरिक्त सीएसएस’ची खिडकी हा त्याहून सोपा मार्ग होय, कारण तिच्यातील मजकूर डेटाबेसमध्ये राहतो आणि थीम अद्ययावत झाल्याने पुसला जात नाही; मात्र तो त्या-त्या थीमपुरता असतो, थीमच बदलली तर नव्या थीमला लागू होत नाही.

एका चुकीच्या ओळीने सगळे संकेतस्थळ कोसळेल ही भीती पूर्वी रास्त होती, आज ती बरीच कमी झाली आहे. वर्डप्रेसने 2017 च्या 4.9 आवृत्तीत कोडमधील चुका लिहितानाच दाखवणारा संपादक आणला, आणि 2019 च्या 5.2 आवृत्तीत घातक चूक झाल्यास व्यवस्थापकाला आत शिरून दुरुस्ती करता येईल अशी सोय दिली.

कोडची खिडकी उघडली की मर्यादा उरत नाही, हा दुसरा समज अधिक फसवा आहे, कारण ‘कोड’ या एकाच नावाखाली अगदी वेगळ्या अधिकारांच्या खिडक्या येतात. विक्समध्ये पानावर ठेवलेली एचटीएमएलची चौकट आयफ्रेममध्ये, म्हणजे पानाच्या आत बसवलेल्या वेगळ्या पानात चालते, त्यामुळे तिच्यात लिहिलेले सीएसएस बाहेरच्या पानाला स्पर्शही करू शकत नाही. त्याच विक्सची वेलो ही सुविधा मात्र सर्व्हरवर चालणारा कोडही लिहू देते. सर्व्हरवरचा कोड आणि ब्राउझरमधला कोड हा भेद सुरक्षिततेच्या दृष्टीने मोलाचा आहे: ब्राउझरकडे पाठवलेला जावास्क्रिप्टचा प्रत्येक शब्द पाहणाऱ्याला वाचता येतो, म्हणून एखाद्या सेवेची गुप्त किल्ली पानावरच्या खिडकीत लिहिणे म्हणजे ती दारावर चिकटवणेच होय.

मराठी संकेतस्थळासाठी कोडची खिडकी ही चैन आहे, हा समज सर्वांत कमी तपासला जातो. तयार साचे बहुतांशी रोमन लिपी समोर ठेवून रचलेले असतात. त्यांत शीर्षके आणि बटणे मोठ्या अक्षरांत, दोन अक्षरांमध्ये जास्तीचे अंतर ठेवून मांडलेली असतात. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्याने पहिली सूचना निष्फळ ठरते, पण ‘लेटर-स्पेसिंग’ची दुसरी सूचना लागू होते आणि शिरोरेषेचे तुकडे पडून ‘संपर्क’ हा शब्द सुट्या खिळ्यांसारखा दिसू लागतो. ओळींमधील अंतर रोमनच्या मापाने आखडते ठेवले असेल, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडतात. पानावर मराठी भाषेची खूण असेल, तर केवळ मराठी मजकुराचे अक्षरांतर शून्य करणारी आणि ओळींतील अंतर वाढवणारी सीएसएसची दोन-तीन वाक्ये पुरतात, आणि शेजारचा इंग्रजी मजकूर जसाच्या तसा राहतो. मजकूर युनिकोडपूर्व काळातील जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असेल, तर मात्र कोणतेही सीएसएस कामाचे नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावा लागतो.

कोड दिसतो म्हणजे तो आपला आणि हवा तेव्हा हलवता येतो, हेही सरसकट खरे नाही. वर्डप्रेसच्या फाइल आणि डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतात. पण मांडणी एलिमेंटरसारख्या प्लगइनने, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरने, केली असेल तर ते बंद करताच मजकूर उरतो आणि मांडणी जाते. विक्सवर उभारलेले संकेतस्थळ अन्यत्र चालवण्यासाठी बाहेर काढता येत नाही. वेबफ्लो एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट उतरवून देते, तरी त्याच्या मजकूर-व्यवस्थेतील नोंदी त्यात येत नाहीत आणि तिथली फॉर्मची यंत्रणा बाहेर चालत नाही. म्हणजे सुट्या भागांची यादी आणि चौकशीचा फॉर्म हे वर्कशॉपच्या दृष्टीने सर्वांत कामाचे दोन भाग नव्या जागी पुन्हा बांधावे लागतात.