कडकट्ट

तारयंत्र दिसायला अगदी साधे. एका टोकाला लाकडी पाटावर बसवलेली पितळी कळ, दुसऱ्या टोकाला विद्युतचुंबक आणि त्यावर हलणारी पट्टी. कळ दाबली की पट्टी खाली आपटते, सोडली की वर आदळते. दोन टोल्यांमधले अंतर कमी असेल तर टिंब, जास्त असेल तर रेघ. सुरुवातीला ही टिंबे आणि रेघा कागदी फितीवर उमटत. पुढे तारमास्तर नुसत्या आवाजावरून मजकूर उतरवू लागले. तारघरात या आवाजाला ‘कडकट्ट’ म्हणत. या यंत्राचा अर्धा भाग म्हणजे तारमास्तरांचा कान, असे मला वाटते.

कंपनी सरकारच्या ओशॉनेसी या डॉक्टरने हिंदुस्थानात तारेचा पाया घातला. १८५५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि दोनच वर्षांनी, सत्तावनच्या उठावात, सरकारच्या कामी आली.

जुन्या सातारा जिल्ह्याने या यंत्राची ताकद ओळखली ती उलट बाजूने. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४२ च्या चळवळीत इथल्या भूमिगतांनी तारा तोडल्या. तार मुकी झाली की पोलिसांची कुमक उशिरा निघते, हे साधे गणित. याच चळवळीतून उभ्या राहिलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या, म्हणजे समांतर सरकारच्या, तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवून लुटली. या प्रतिसरकारचे स्वतःचे निरोप मात्र माणसांच्या हातून, रानवाटांनी जात. त्यांत तोडण्यासारखी तारच नव्हती!

स्वातंत्र्यानंतर हीच तार घराघरांत आली, पण धास्ती घेऊन. शुभेच्छांचे ठरावीक मजकूर क्रमांकाने पाठवण्याची सोय होती, तरी दारात तारवाला दिसला की आधी काळजात धस्स होई. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यासारख्या फौजी गावात तर रजेवर आलेल्या जवानाला तातडीने परत बोलावणारी तारही असू शके.

१४ जुलै २०१३ हा देशातल्या तारसेवेचा शेवटचा दिवस. सातारा-सांगलीच्या संग्रहालयांत तलवारींच्या शेजारी एक चालू तारयंत्र हवे, आणि ते वाजवून दाखवणारा माणूसही हवा. निवृत्त तारमास्तर आता थकले आहेत. कुणाच्या माळ्यावर जुनी कळ पडली असेल, तर कृपा करून ती मोडीत घालू नका. जवळच्या संग्रहालयाला कळवा.