वळणाचा हिशेब टायरच्या नावावर

१९ जून २००५, इंडियानापोलिस. फॉर्म्युला वनची अमेरिकन ग्रांप्री सुरू होण्याआधीची सरावफेरी संपत आली आणि मिशेलिन टायर लावलेल्या १४ गाड्या एकामागून एक पिट लेनमध्ये वळल्या. त्या परत आल्याच नाहीत. ट्रॅकवर सहा गाड्या उरल्या. त्यांतली एक जॉर्डन संघाची गाडी नारायण कार्तिकेयन चालवत होता. तो चौथा आला, त्याला पाच गुण मिळाले आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. त्याच्यानंतर दुसऱ्या कुणा भारतीयाला ते जमलेले नाही.

दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे नियम, हट्ट आणि भांडणे यांनीच भरली होती. भांडणाच्या मुळाशी मात्र एक वळण होते, ट्रॅकवरचे तेरावे. ते वळण या शर्यतीसाठी बांधलेलेच नव्हते. इंडियानापोलिसचा लंबगोल ट्रॅक १९०९ सालचा, अडीच मैलांचा. त्यावर गाड्या फक्त डावीकडे वळतात. २००० साली फॉर्म्युला वन तिथे आली, तेव्हा लंबगोलाच्या पोटातल्या मोकळ्या जागेत नागमोडी रस्ता आखला गेला आणि तो जुन्या ट्रॅकच्या एका भागाला जोडून ४.१९२ किलोमीटरची फेरी तयार झाली. या फेरीची दिशा उलटी होती. लंबगोलाचे पहिले वळण गाड्या आता उजवीकडे घेऊ लागल्या, तेही ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास.

या वळणाची बाहेरची कड उचललेली आहे. कल सव्वानऊ अंशांहून किंचित कमी, त्रिज्या सुमारे २५६ मीटर. बारावीच्या भौतिकशास्त्रात कलत्या रस्त्याचे सूत्र असते: कलाच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. या आकड्यांवर ते चालवून पाहा. उत्तर येते ताशी सुमारे ७३ किलोमीटर. म्हणजे या वेगाला गाडी घर्षणाची मदत न घेता, नुसत्या रस्त्याच्या कलाच्या जोरावर वळते. ताशी तीनशेला लागणारे अभिकेंद्री बल गाडीच्या वजनाच्या पावणेतीनपट होते. त्यातले कलाने मिळते ते थोडे, बाकीचे सगळे टायरने रस्त्याला धरून कमवायचे. वळण उजवीकडचे, त्यामुळे सगळ्यात जास्त भार डाव्या मागच्या टायरवर. आणि शुक्रवारच्या सरावात नेमके तेच टायर जायला लागले. राल्फ शूमाकरची टोयोटा तेराव्या वळणावर भिंतीवर आदळली. दहा फेऱ्यांपलीकडे आपल्या टायरची हमी देता येणार नाही, असे मिशेलिनने संघांना कळवले. शर्यत ७३ फेऱ्यांची होती आणि त्या वर्षी शर्यतीत टायर बदलायला नियमाने बंदी होती. वळणाआधी वेग मोडणारा एखादा अडथळा टाकावा ही सूचना नियामकांनी फेटाळली. ब्रिजस्टोन टायरच्या सहा गाड्या मात्र धावल्या. त्याच कंपनीचे फायरस्टोन टायर काही आठवड्यांपूर्वी याच ट्रॅकवर इंडी ५०० शर्यत धावून आले होते, त्या पृष्ठभागाची ओळख त्यांना होती.

ही हकीकत मोटारशर्यतीच्या चाहत्यांपुरती ठेवण्यासारखी नाही. छत्रपती संभाजीनगरात तर मुळीच नाही. वाळूजला गुडइयरचे टायर बनतात. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक याच शहरातून मोठ्या झाल्या. एन्ड्युरन्सचे शॉकॲब्सॉर्बर आणि डिस्कब्रेक देशभरातल्या दुचाक्यांवर आहेत. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून, शेंद्र्याला स्कोडा २००१ पासून. टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन या तिघांवर इथल्या हजारो घरांची चूल पेटते, आणि लंबगोलाच्या पोटातला रस्ता नेमकी याच तिघांची कठोरात कठोर परीक्षा घेतो.

ती परीक्षा सगळ्यात स्पष्ट दिसते फ्लोरिडातल्या डेटोनाला. १९५९ साली उघडलेल्या या ट्रॅकची टोकाची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत. एवढा उंच बांध घालायला माती हवी होती, ती ट्रॅकच्या आतल्या जमिनीतूनच उपसली, आणि त्या खड्ड्याचे तळे झाले. ते आजही तिथे आहे. उतार इतका की डांबर पसरवणारी यंत्रे वर उभ्या केलेल्या बुलडोझरना दोरांनी बांधून ठेवावी लागली. आपल्याकडे सपाट प्रदेशातल्या महामार्गांवर वळणाचा आडवा उतार सात टक्क्यांपर्यंतच ठेवतात, म्हणजे चार अंश. डेटोनाचा हिशेब त्याच मापात केला तर साठ टक्के येतो. आपल्या रस्त्यावर तसा उतार देणे धोक्याचे ठरेल, कारण तिथून माल भरलेला ट्रक ताशी वीसच्या वेगाने जातो, कधी बंद पडून उभाही राहतो. तो आतल्या बाजूला कलंडेल. कल हा नेहमी एका ठरावीक वेगासाठी असतो. त्याहून हळू जाणाऱ्याला तो आत ओढतो, त्याहून वेगाने जाणाऱ्याला पुरत नाही.

जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये भिंत थेट उभी असते, तिथे कलाचे सूत्र संपते आणि मोटारसायकलस्वाराला सगळा भरवसा घर्षणावर ठेवावा लागतो. पाच मीटर त्रिज्येच्या विहिरीत, टायरची पकड मध्यम धरली, तर ताशी ३०-३५ किलोमीटरखाली उतरणे म्हणजे कोसळणे. डेटोना हे सपाट रस्ता आणि ही विहीर यांच्या मधले ठिकाण आहे.

तिथल्या वळणाची त्रिज्या सुमारे ३०५ मीटर. तटस्थ वेग, म्हणजे घर्षणाशिवाय नुसत्या कलावर वळता येते तो वेग, निघतो ताशी दीडशेच्या थोडा वर. स्पोर्ट्स कार तिथून त्याच्या दुप्पट वेगाने जाते. मग काय होते? घर्षणाने सांभाळायचा आडवा जोर गाडीच्या वजनाच्या दीडपट राहतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. रस्ता गाडीला लंबरूप दिशेने जे रेटतो, ते बल गाडीच्या वजनाच्या दुप्पट होते. १,३०० किलोंची गाडी त्या काही सेकंदांत टायर आणि स्प्रिंगांना २,६०० किलोंची भासते, हवेचा दाब सोडून. स्प्रिंग मऊ असेल तर गाडीचे पोट रस्त्याला घासते. म्हणून स्प्रिंग कडक हवी.

आणि मग गाडी पोटातल्या रस्त्यावर उतरते. १९६२ साली डेटोनाला स्पोर्ट्स कारची तीन तासांची शर्यत झाली, १९६६ पासून ती २४ तासांची झाली. केन माइल्स आणि लॉईड रुबी यांनी ती पहिली २४ तासांची शर्यत फोर्डच्या गाडीतून जिंकली. आजची फेरी ५.७३ किलोमीटरची. मुख्य प्रेक्षागृहासमोरून सुसाट आलेली गाडी एकदम ब्रेक लावून डावीकडे आत शिरते, सपाट जमिनीवर घोड्याच्या नालेसारखी वळणे घेते, उजवी-डावी करते, आणि पुन्हा त्या ३१ अंशांच्या भिंतीवर चढते. आतल्या वळणांना मऊ स्प्रिंग हवी, नाहीतर चाक खडबडीवर उसळते आणि पकड जाते. आत हवेने गाडीला खाली दाबणारे पंख हवेत, बाहेरच्या सरळ पट्ट्यावर तेच पंख वेग खातात. नुसत्या लंबगोलावर धावणाऱ्या नॅसकारच्या गाड्या तर डावीकडेच वळायचे म्हणून दोन्ही बाजूंची मांडणी वेगळी ठेवतात, उजवीकडचे टायर परिघाने किंचित मोठे. आत उजवी वळणे आली की ती सोयही संपते. एकाच गाडीला दोन विरुद्ध मागण्या एकाच फेरीत, दिवसरात्र, शेकडो वेळा पुरवाव्या लागतात. शर्यत जानेवारीत असते, त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळ अंधारच असतो. अभियांत्रिकीचा याहून प्रामाणिक पेपर मला दुसरा ठाऊक नाही. इथे कुठलीच मांडणी सर्वोत्तम नसते, कमीत कमी वाईट तडजोड कुणाची, एवढेच ठरते.

ब्रेकचा हिशेबही पाहा. तीच १,३०० किलोंची गाडी ताशी २९० वरून १०० वर आणायची तर सुमारे ३७ लाख ज्यूल ऊर्जा काढून टाकावी लागते, आणि हातात चारेक सेकंद असतात. त्यातला काही वाटा हवा उचलते, उरलेला बहुतेक डिस्कमध्ये उष्णता होऊन साठतो. त्याआधी लांब सरळ पट्ट्यावर त्या डिस्क वाऱ्याने गार झालेल्या असतात. गार, लालबुंद, पुन्हा गार: धातूला तडे जायला याहून चांगली परिस्थिती नाही.

लंबगोलात रस्ता आखण्याची कल्पना अमेरिकेची नव्हे. इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्सला १९०७ साली काँक्रीटचा कलता ट्रॅक झाला, त्याच्या आत १९३७ मध्ये माल्कम कॅम्पबेल यांनी आखलेला नागमोडी मार्ग आला. इटलीतल्या मोंझाने १९२२ सालीच लंबगोल आणि रस्ता जोडून दहा किलोमीटरची फेरी केली. १९६० मध्ये तिथल्या काँक्रीटच्या खडबडीत, कलत्या भिंतीवर गाड्या न्यायला ब्रिटिश संघांनी नकार दिला. स्पोर्ट्स कार तिथे १९६९ पर्यंत धावत राहिल्या. आज ती भिंत झाडीत तशीच उभी आहे.

आता पुन्हा टायरकडे. टायर फिरताना जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो आणि पुढच्या क्षणी गोल होतो. प्रत्येक चपटेपणात रबर थोडी ऊर्जा गिळते, तिची उष्णता होते. ताशी तीनशेला हे सेकंदाला चाळीस वेळा घडते. हवा कमी असेल तर बाजूची भिंत जास्त वाकते. वेग फार वाढला तर एका चपटेपणातून सावरण्याआधीच दुसरा येतो, टायरच्या पृष्ठभागावर स्थिर लाट उभी राहते आणि उष्णता झपाट्याने चढते. आतले थर सुटू लागतात. कलत्या भिंतीवर वजन दुप्पट होते तेव्हा हे सगळे एकदम गाठते. म्हणूनच डेटोनाला टायरमधली किमान हवा किती असावी आणि चाक किती तिरके बसवावे, याला मर्यादा घालून दिलेल्या असतात.

हेच शास्त्र समृद्धी महामार्गावरही लागू आहे. मोटारीचे चाक ताशी १२० किलोमीटरला सेकंदाला सुमारे १७ फेरे घेते, तासाभरात ६० हजारांवर. शहरात, सिग्नलगणिक थांबताना, कमी हवेचा टायर महिनोन्‌महिने तक्रार करत नाही. मे महिन्यात तापलेल्या रस्त्यावर, मागे चार माणसे आणि डिकीत सामान घेऊन दीड तास सलग धावताना त्याला थंड व्हायला एकही क्षण मिळत नाही. या मार्गावर टायर फुटून अपघात झाले, तेव्हा प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात झाली. ती तपासणी कटकट वाटू नये. इंडियानापोलिसला १४ गाड्या मागे फिरल्या, त्या याच कारणाने.

लंबगोल आणि त्याच्या आत इतर मार्ग, असे आपल्या जवळचे ठिकाण म्हणजे पिथमपूरचे नॅट्रॅक्स. कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव, धुळे करत इंदूरच्या दिशेने गेले की पवारांच्या धार संस्थानाचा मुलूख लागतो, तिथे ते आहे. ११.३ किलोमीटरचा, १६ मीटर रुंदीचा चार पदरी लंबगोल. तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी २९ जून २०२१ रोजी त्याचे उद्घाटन केले. वळणावरचा तटस्थ वेग ताशी २५० किलोमीटर. ब्रेक, हाताळणी, चढउतार, खराब रस्ता यांच्या चाचण्यांचे मार्ग त्याच केंद्रात आहेत. तिथे शर्यती होत नाहीत, वाहने तपासली जातात. तरी एकाच गाडीला भिंतीवरचा वेग आणि आतली वळणे दोन्ही सोसतात का, हा प्रश्न डेटोनाचाच. नगरला संरक्षण खात्याच्या व्हीआरडीईचेही चाचणी ट्रॅक आहेत, पण तिथले मुख्य काम लष्करी वाहनांचे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे काय? स्वतः बांधलेल्या गाड्यांच्या बाहा स्पर्धेसाठी त्यांचे संघ पिथमपूरला गेले आहेत, फॉर्म्युला भारतसाठी कोइमतूरला जातात. वर्षभर खपून बांधलेली गाडी खऱ्या ट्रॅकवर पहिल्यांदा चालते ती थेट स्पर्धेच्या दिवशी. महाविद्यालयाच्या पार्किंगमध्ये ब्रेक तपासता येतात, वळण तपासता येत नाही.

त्यासाठी ११ किलोमीटरचा लंबगोल लागत नाही. ४० मीटर त्रिज्येचे, १५ अंश कललेले एक वळण बांधले तर त्याचा तटस्थ वेग ताशी ३७ किलोमीटर येतो. विद्यार्थ्याला तो स्वतः मोजता येईल, स्टिअरिंगवरचा जोर नाहीसा होताना हाताला कळेल. जोडीला सरळ पट्टा, पाणी सोडता येणारा ब्रेकिंग पट्टा आणि आत दोन-तीन सपाट वळणे, एवढे पुरे. ऑरिक या औद्योगिक नगरीने शेंद्रा-बिडकीनमध्ये हजारो एकर जमीन उद्योगांसाठी आखली आहे. त्यातला एक छोटा तुकडा या ट्रॅकसाठी राखून ठेवावा, आणि वाळूज-शेंद्र्याच्या वाहन उद्योगांनी एकत्र येऊन तो बांधावा, शहरातल्या सगळ्या अभियांत्रिकी आणि आयटीआय विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोन दिवस खुला ठेवावा. जमिनीचे वाटप सुरू आहे, तोवरच हे मागता येईल.