धार राखणारा पट्टा

लाकूड कोरायचा चाकू अडखळू लागला की हात आपसूक धारेच्या दगडाकडे जातो. चामड्याच्या पट्ट्याची आठवण झालीच तर सगळ्यात शेवटी, चकाकी आणायला. हा क्रम उलटा हवा. धार लावणे आणि धार राखणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यातले रोजचे काम दुसरे. सुश्रुतसंहितेत शस्त्रांना धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड सांगितला आहे, तर लावलेली धार टिकवण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी. न्हावीही याच रीतीने वागत: दगड क्वचित, पट्टा रोज. सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला, पट्टा खुंटीवरून उतरला आणि त्याच्यामागची समजही बरीचशी विसरली गेली.

दगडावर घासताना पोलाद झिजते, पण अगदी काठावरचे थोडे पोलाद तुटून पडण्याऐवजी दुसऱ्या बाजूला मुरडते आणि तिथे केसाहून पातळ पापुद्रा लोंबत राहतो. असा चाकू कागद झकास कापतो, लाकडात मात्र दोन कापांत बोथट होतो, कारण पापुद्रा दुमडतो. तो काढायचे काम पट्ट्याचे. पण नुसत्या चामड्याचे नव्हे, आणि इथे परंपरेच्या अभिमान्यांशी माझे जमत नाही. अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवन यांनी धारेचे काठ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा कोऱ्या चामड्याने फारसा फरक पडलेला दिसला नाही. क्रोमियम ऑक्साइड चोळलेल्या चामड्याने पापुद्रा आणि ओरखडे दोन्ही कमी झाले. हिरव्या वडीच्या रूपात मिळते ते हेच द्रव्य. चार-सहा हात मारल्यावर हिरव्यावर काळ्या रेघा उमटतात. ते झिजलेले पोलाद. म्हणजे पट्टा हा अतिशय बारीक दाण्याचा, किंचित दबणारा दगडच आहे.

त्या दबण्यावरच जाणकारांचा मुख्य आक्षेप असतो: चामडे पात्याखाली खचते, काठाशी वर येते आणि धार गोल करते. आक्षेप खरा आहे, पण त्यातला दोष बहुधा हाताचा असतो. कोरायच्या चाकूच्या दोन्ही उतारांमधला कोन साधारण वीस ते पंचवीस अंशांचा. उतार पूर्ण टेकवून, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, हलक्या हाताने ओढले तर चामडे खचायला कारण उरत नाही. घात होतो तो ओढ संपताना: मनगट उचलले जाते आणि तेवढ्यात काठ बोथटतो. म्हणून आधी थांबावे, मग पाते पाठीवर फिरवून उलटावे. चामडेही पातळ, घट्ट आणि सपाट लाकडी फळीला चिकटवलेले असावे. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. असे झाडपाल्याने कमावलेले कडक चामडे इथे उपयोगी, क्रोमने कमावलेले लवचीक चामडे नाही. गोल पटाशीच्या आतल्या बाजूसाठी मात्र त्याच चामड्याची पट्टी गोल काठीवर गुंडाळावी लागते.

मग चामडेच कशाला, पुठ्ठ्यावर वडी घासली तर? चालते की. पुठ्ठा फाटतो, चामडे वर्षानुवर्षे टिकते, एवढाच फरक. खरी मर्यादा दुसरीकडे आहे. व्हॅनेडियमयुक्त नव्या पोलादांतले कार्बाइडचे कण क्रोमियम ऑक्साइडहून कठीण असतात; तिथे हिऱ्याची पेस्ट लागते. आणि काठाचा टवका उडाला असेल तर पट्टा हतबल. पाइनच्या तुकड्यावर आडवा काप घेऊन पाहावा: कापलेल्या जागी पांढरी रेघ दिसली तर टवका आहे, आणि दगड काढण्याला तेवढे एकच कारण पुरे. रेघ नसेल तर अर्ध्या-पाऊण तासाच्या कामानंतर दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा हात पुरतात.

पट्ट्याची निगा फार नाही. काळी, चकचकीत साय धरली की चाकूची पाठ आडवी धरून ती खरवडावी आणि नवी वडी पातळ चोळावी. जाड थर दिला तर काठ त्यात रुततो. तेल थेंबभरच. पावसाळ्यात झाडपाल्याने कमावलेल्या चामड्यावर बुरशी धरते, म्हणून पट्टा कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावा. धूळ बसू देऊ नये, कारण वाळूचा एक कण सगळी मेहनत वाया घालवतो. आणि हिऱ्याची पेस्ट लावलेल्या पट्ट्यावर पुन्हा हिरवी वडी घासू नये. दोन द्रव्यांसाठी दोन पट्टे ठेवावेत.