तक्त्यांची पुनर्मांडणी : काही रूढ समजुती

हिशेबाच्या दफ्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना कीर्द, खतावणी आणि तेरीज यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. कीर्दीतील नोंदी खातेवार मांडल्या की खतावणी होते आणि तीत एकही रक्कम गळत नाही, पण खतावणीवरून तेरीज काढली की मूळ नोंदी नजरेआड होऊन केवळ त्यांचा निष्कर्ष उरतो. वेस मॅकिनी यांनी 2008 साली ज्याच्या रचनेस आरंभ केला, ते पायथन भाषेतील ‘पँडाज’ हे साधन ही दोन्ही कामे क्षणार्धात करते. आणि ती इतक्या सहजपणे होतात म्हणूनच मांडणी बदलणे निराळे व संक्षेप करणे निराळे, याचा विश्लेषकाला विसर पडतो.

या विसरातून उपजलेली सर्वांत महाग पडणारी समजूत अशी की, ‘पिव्हट’ आणि ‘पिव्हट_टेबल’ ही एकाच क्रियेची दोन नावे आहेत. समजा, कांद्याच्या आवकेच्या तक्त्यात दिनांक, बाजारपेठ, आवक आणि दर असे चार रकाने आहेत, आणि आपणांस ओळीत दिनांक, रकान्यांत बाजारपेठा व चौकटीत दर अशी मांडणी हवी आहे. एकाच दिवशी एकाच बाजारपेठेत 100 क्विंटल माल 1000 रुपये दराने आणि 10 क्विंटल माल 2000 रुपये दराने गेल्याच्या दोन नोंदी असतील, तर एका चौकटीत दोन आकडे कसे बसवावेत हा निर्णय ‘पिव्हट’ आपल्या अधिकारात घेत नाही. पुनरुक्त नोंदी असल्याचे कळवून ती काम नाकारते. नवशिका वैतागतो, कोणी तरी अनुभवी स्नेही ‘पिव्हट_टेबल लिही’ असा सल्ला देतो, आणि तक्रार खरोखरच मिटते. कारण निराळा हुकूम नसेल तर ही दुसरी क्रिया दोन्ही दरांची साधी सरासरी काढून 1500 हा आकडा बिनबोभाट चौकटीत ठेवून देते. त्या दरा‌ने एक क्विंटलही विकला गेलेला नसतो. वजन हिशेबात धरले तर दर सुमारे 1091 रुपये येतो. नकार ही साधनाची उणीव आहे असे मानणाऱ्यांनी या दोन आकड्यांतील अंतर एकदा पाहावे. माझ्या मते येथे नाकारणारी क्रियाच अधिक प्रामाणिक.

याच नव्या मांडणीत पूर्णांक असलेले दर अकस्मात 1000.0 असे दशांशात दिसू लागले, की फाईल बिघडली असा कांगावा होतो. तसे काही नसते. ज्या चौकटीसाठी मुळात नोंदच नव्हती, तेथे ‘अनुपलब्ध’ अशी खूण पडते, आणि ती खूण दशांश संख्यांच्या जातीची असल्यामुळे सबंध रकान्याला ती जात स्वीकारावी लागते.

आडवा, ऐसपैस तक्ता हाच सुबक आणि उभा, लांबलचक तक्ता म्हणजे अर्धवट काम, ही समजूत छापील अहवालांच्या सवयीतून आलेली असावी. हॅडली विकम यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या ‘टायडी डेटा’ या निबंधात प्रत्येक चलाला एक रकाना आणि प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ असा दंडक सांगितला आहे. त्या दृष्टीने बारा महिन्यांचे बारा रकाने ही ‘महिना’ या एकाच चलाची बारा मूल्ये होत. ‘मेल्ट’ त्यांना महिना व मूल्य अशा दोन रकान्यांत उतरवते.

‘ग्रुपबाय’ने गट पाडले की ओळी कमी होणारच, हेही खरे नाही. ‘ट्रान्सफॉर्म’ जोडल्यास गटाची बेरीज त्या गटाच्या प्रत्येक मूळ ओळीसमोर येते आणि ओळींची संख्या कायम राहते.

मात्र गटवारीत एक गळती खरोखरच होते व तिची वाच्यता कोठेही होत नाही : ज्या ओळीत बाजारपेठेचे नावच कोरे आहे, ती ओळ कोणत्याही गटात न जाता वगळली जाते, आणि एकूण आवक तेवढ्याने घटते. ‘काउंट’ रिकाम्या चौकटी सोडून मोजते, ‘साइझ’ सर्व ओळी मोजते. या दोहोंची गल्लतही नित्याची आहे. सबब, गटवारीपूर्वीची आणि नंतरची एकूण बेरीज ताडून पाहावी, आणि कोऱ्या नावांचाही गट हवा असेल तर ‘ड्रॉपना’ला ‘फॉल्स’ असे स्पष्ट लिहावे. 2020 सालच्या 1.1 आवृत्तीपासून ती सोय ‘ग्रुपबाय’मध्ये आहे.