रोजचं यंत्र (भाग ७) : परवानगी मागणारी चौकट

३० जानेवारी २००७ रोजी ‘विंडोज व्हिस्टा’ सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली आणि घरोघरचे संगणक प्रश्न विचारू लागले. नवा प्रोग्राम बसवायला घ्या किंवा घड्याळाची वेळ दुरुस्त करायला जा, सगळा पडदा काळवंडायचा आणि मधोमध एक चौकट उभी राहायची : हे काम तुम्हीच सुरू केलंत ना? पुढे जाऊ की थांबू? या व्यवस्थेचं नाव होतं ‘यूझर अकाउंट कंट्रोल’, म्हणजे यूएसी. ॲपलनं त्यावर जाहिरातच काढली. तिच्यात संगणकामागे काळ्या चष्म्याचा अंगरक्षक उभा असतो आणि संगणकाच्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक वाक्याला परवानगी मागत राहतो.

मागच्या भागात आपण पासवर्डचा विचार केला. तिथं तुम्ही कोण आहात, हे यंत्राला जाणून घ्यायचं असतं. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. तुम्ही तुम्हीच आहात हे ठरलं, पण तुमच्या नावावर कोणत्या प्रोग्रामनं काय करावं, हे कोणी ठरवायचं?

व्हिस्टा हा प्रश्न इतक्या वेळा का विचारत होती, याचं कारण तिच्या आधीच्या काळात आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मालक आणि पाहुणा असा भेदच नव्हता. जो प्रोग्राम चालेल त्याला सगळं मोकळं. २००१ साली आलेल्या एक्सपीमध्ये भेद होता, पण घरी संगणक सुरू करताना जे खातं तयार होई, त्याला सर्वाधिकार मिळालेले असत. त्यामुळे मेलमधून आलेली एखादी फाइल चुकून उघडली, की तिच्याकडेही तेच सर्वाधिकार जात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही या मोकळिकीची सवय झाली होती. हिशेबाचं सॉफ्टवेअर असो की मुलांचा खेळ, सर्वाधिकार नसतील तर कित्येक प्रोग्राम चालेनात. कारण नसताना ते स्वतःच्या फाइली यंत्रणेच्या गाभ्यात नेऊन ठेवत.

ही सवय मोडायची तर आधी ती दिसायला हवी होती. एप्रिल २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या संगणक-सुरक्षेच्या आरएसए परिषदेत मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी सरळच सांगितलं, की वापरणाऱ्यांना त्रास व्हावा म्हणूनच यूएसी आणलं. ग्राहक वैतागतील, सॉफ्टवेअर कंपन्यांकडे तक्रार करतील आणि मग कंपन्या आपले प्रोग्राम सुधारतील, असा तो हिशेब. तो बऱ्याच अंशी खरा ठरला. मायक्रोसॉफ्टच्याच आकडेवारीप्रमाणे, अशी चौकट उभी करणाऱ्या वेगवेगळ्या प्रोग्रामांची आणि कामांची संख्या वर्षभरात पावणेआठ लाखांच्या आसपास होती, ती एक लाख सत्तर हजारांच्या आत आली. आज विंडोजवरचे बहुतेक प्रोग्राम सर्वाधिकार न मागता चालतात, याचं बरंचसं श्रेय त्या काळवंडणाऱ्या पडद्याला आहे.

पण याची किंमत कोणी मोजली? कंपन्यांना धडा मिळावा म्हणून जी चौकट पुन्हापुन्हा उभी राहत होती, तिच्यासमोर बसलेला माणूस दुसराच धडा शिकत होता : चौकट आली की ‘हो’ दाबायचं, म्हणजे काम पुढे सरकतं. कित्येकांनी यूएसी बंदच करून टाकलं. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आली तेव्हा मायक्रोसॉफ्टनं चौकटी कमी केल्या आणि किती विचारायचं ते ठरवायला सरकपट्टी दिली. तोवर बोटांना वळण लागून गेलं होतं.

हे वळण आळसाचं नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी धोक्याच्या सूचना पाहताना लोकांच्या मेंदूचं एमआरआय केलं आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. तीच सूचना दुसऱ्यांदा दिसली, की लगेच मेंदूतलं दृश्य टिपण्याचं काम झपाट्यानं मंदावतं. माणूस चौकटीकडे पाहत असतो, पण मेंदूनं ती नव्यानं पाहणं थांबवलेलं असतं. सोसायटीच्या वॉचमननं दूधवाल्यापासून कुरिअरपर्यंत प्रत्येकासाठी इंटरकॉम वाजवला, तर आठवड्याभरात घरातून न विचारता ‘सोड’ असंच उत्तर जाऊ लागेल, आणि त्यात घरच्यांचा दोष काढता येणार नाही. ‘लोक वाचत नाहीत हो, नुसतं ओके दाबतात’ हे वाक्य संगणकाच्या धंद्यात वर्षानुवर्षं ऐकू येतं. मला ते अन्यायाचं वाटतं. संगणकशास्त्रज्ञ जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच संगणकाच्या संरक्षणाची तत्त्वं मांडताना बजावलं होतं, की सुरक्षेची सोय माणसाच्या हातून सहज आणि आपोआप नीट वापरली जाईल अशीच हवी. ती तशी नसेल तर चूक बनवणाऱ्याची.

मोबाइलवर हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. अँड्रॉइडनं सुरुवातीला सगळ्या परवानग्यांची यादी ॲप बसवतानाच दाखवली : सगळं मान्य असेल तर घ्या, नाहीतर राहू द्या. २०१२ मध्ये संशोधक एड्रिअन पोर्टर फेल्ट आणि त्यांच्या बर्कली विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी तपासलं, तेव्हा ॲप बसवताना या यादीकडे लक्ष देणारे फक्त १७ टक्के निघाले. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत परवानग्यांच्या अर्थाबद्दलचे तिन्ही प्रश्न बरोबर सोडवणारे तर अवघे ३ टक्के होते. याच सुमारास ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचं टॉर्चचं ॲप कोट्यवधी फोनांवर होतं. ते माणसाचं ठिकाण आणि फोनची ओळख जाहिरात कंपन्यांना पाठवत होतं. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्याच्यावर कारवाई केली, तेव्हा एक गोष्ट समोर आली. ॲप पहिल्यांदा उघडल्यावर ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ अशी दोन बटणं दिसत, पण कोणतंही दाबण्याआधीच माहिती जायला लागलेली असे. विचारणं हा नुसता उपचार होता.

२०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून प्रश्न विचारण्याची वेळ बदलली. कॅमेऱ्याची गरज पडेल तेव्हाच कॅमेऱ्याबद्दल विचारायचं. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण उत्तर देण्यासाठी लागणारी माहिती त्या क्षणी माणसाच्या हातात असते. मी आत्ता फोटो काढायला गेलो, म्हणून कॅमेरा मागितला, ठीक. मी टॉर्च लावतोय आणि हे माझं ठिकाण विचारतंय, का बरं? पुढे ‘फक्त आत्तापुरतं’ असा पर्याय आला, आयफोनवर २०१९ मध्ये आणि अँड्रॉइडवर २०२० मध्ये. बरेच दिवस न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड आता आपणहून काढून घेतं. त्याहून सुंदर सोय फोटोंची आहे. अँड्रॉइड १३ पासून फोन स्वतःच फोटो निवडायची खिडकी उघडू शकतो. तुम्ही दोन फोटो निवडता आणि ॲपला तेवढे दोनच मिळतात. इथं परवानगीचा प्रश्नच उरत नाही. माणसानं केलेली निवड हीच परवानगी.

आता आपल्याकडच्या सर्वांत दुखऱ्या जागेकडे येऊ. व्हॉट्सॲपवर फाइल येते. कधी लग्नाची पत्रिका म्हणून, कधी आरटीओचं चलन किंवा सरकारी योजनेचा अर्ज म्हणून. शेवटी ‘एपीके’ अशी तीन अक्षरं असतात, म्हणजे ती पत्रिका किंवा चलन नसून ॲप असतं. ते बसवताना फोन इशारा देतो, मग एसएमएस वाचू द्यायचे का ते विचारतो. ‘हो’ म्हटलं की बँकेचा ओटीपी भामट्याकडे जाऊ लागतो. अनेकदा त्याच वेळी फोनवर ‘बँकेचे साहेब’ असतात आणि कोणतं बटण दाबायचं तेही सांगतात. म्हणजे प्रश्न विचारला जातो खातेदाराला, पण उत्तर देत असतो चोर. अशा वेळी चौकटीतली भाषा कितीही सोपी केली, रंग कितीही लाल केला, तरी काय उपयोग?

म्हणून गेल्या काही वर्षांतली सर्वांत परिणामकारक पावलं मला प्रश्न काढून टाकण्यातच दिसतात. २०१९ पासून प्ले स्टोअरवरच्या ॲपना एसएमएस वाचण्याची मागणी मोजक्या कारणांखेरीज करता येत नाही. २०२४ मध्ये गूगलनं सिंगापूरमध्ये आणि नंतर त्याच वर्षी भारतात एक प्रयोग सुरू केला. ब्राउझर, मेसेज किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप एसएमएससारख्या नाजूक परवानग्या मागत असेल, तर ते बसवणंच रोखायचं. अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं चालू असताना अशी काही कामं रोखण्याची सोयही नव्या अँड्रॉइडमध्ये आली आहे. चौकटीसमोरच्या माणसाच्या कानाशी दुसरं कोणी असू शकतं, हे यंत्राच्या हिशेबात आता धरलं जातंय.

यात एक अडचण खरी आहे. स्वतःच्या फोनवर स्वतः लिहिलेलं किंवा स्टोअरबाहेरचं ॲप बसवणाऱ्याला हे अडथळे जाचतात, आणि फोन त्याचा आहे हे त्याचं म्हणणं रास्त आहे. त्याच्यासाठी वाट राहिलीच पाहिजे. ती लांबची असली तरी चालेल, पण फोनवरच्या भामट्याला दोन मिनिटांत कोणाला तिथून चालवत नेता येऊ नये.

यूपीआयमध्येही हेच घडलं. समोरच्याकडून पैसे मागवण्याच्या सोयीचा गैरफायदा घेऊन ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असं सांगत लोकांना लुबाडलं जाई. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे बँकांनी वर्षानुवर्षं सांगितलं. रकमेवर दोन हजारांची मर्यादा घातली. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही मागणी बंदच केली. दुकानदारांसाठी ती सोय तेव्हा राहू दिली. पिन टाकण्याआधी पडद्यावरची रक्कम आणि नाव अजूनही पाहावंच लागतं.

या आठवड्यात घरातल्या मोठ्यांच्या फोनचं एक काम करा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी किंवा सुरक्षा या भागात परवानग्यांची यादी असते. तिथं एसएमएस उघडा आणि कोणकोणत्या ॲपला तो मिळाला आहे ते पाहा. मेसेजच्या आणि ओळखीच्या बँकेच्या ॲपखेरीज कोणी दिसलं तर काढून घ्या. नंतर ॲक्सेसिबिलिटी पाहा. अंधांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयी या दारानं चालतात, आणि चोरांची ॲपही याच दारानं पडदा वाचतात. एखादी एपीके फाइल बसली असल्याचं लक्षात आलं, तर आधी त्या फोनचं इंटरनेट आणि वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा आणि लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ॲप काढायचं काम त्यानंतर.