वर्गाबाहेरचा आवाज

सततचा आवाज कानांना इजा न करताही मुलांचे शिकणे बिघडवतो. याचा ठळक पुरावा न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या उत्तर टोकाच्या ‘पी. एस. ९८’ या शाळेत मिळाला. शाळेच्या एका अंगाने उन्नत रेल्वेमार्ग जात होता. साधारण दर साडेचार मिनिटांनी गाडी यायची, रुळांकडच्या वर्गांत आवाज ८९ डेसिबलपर्यंत चढायचा आणि अर्धा मिनिट बाईंचे बोलणे पहिल्या बाकापर्यंतही धड पोचायचे नाही. बाई थांबायच्या. गाडी गेली की अर्धवट राहिलेले वाक्य पुन्हा सुरू करायच्या, तोवर मुलांचे लक्ष उडालेले असायचे.

इमारतीच्या दुसऱ्या बाजूचे वर्ग मात्र शांत होते. मानसशास्त्रज्ञ आर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी दोन्ही बाजूंच्या मुलांचे वाचनाचे गुण ताडून पाहिले. १९७५ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रुळांकडची मुले मागे होती, आणि सहावीत ही पिछाडी जवळजवळ एका वर्षाची होती.

नुकसान केवळ बुडालेल्या मिनिटांचे नसते. त्याच शहरात महामार्गावर उभ्या असलेल्या ३२ मजली इमारतींतील मुलांचा अभ्यास १९७३ साली झाला होता. खालच्या, गोंगाटाच्या मजल्यांवर बरीच वर्षे राहिलेल्या मुलांना जवळजवळ सारख्या उच्चारांच्या शब्दांतला फरक ओळखणे जड जात होते. वाचनातही ती मागे होती. गोंगाटात वाढणारे मूल आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकते. पण गाडीचा आवाज वगळताना ते माणसाचे बोलणेही वगळू लागते, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. ‘सवय होते’ असे आपण सहज म्हणतो. त्या सवयीची ही किंमत ध्यानात येत नाही, म्हणून ती जास्त घातक.

दिलासा एवढाच की हे नुकसान भरून येऊ शकते. १९९२ साली म्युनिकचा जुना विमानतळ बंद होऊन नवा सुरू झाला, तेव्हा जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारले. नव्याजवळच्या मुलांचे घसरले. न्यूयॉर्कच्या शाळेतही पुढे रुळांखाली रबराचे थर घातले गेले आणि वर्गांना आवाज शोषणारी छते बसली. १९८१ च्या पाहणीत दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक उरला नव्हता. मुले त्याच वस्तीतली, शाळाही तीच. बदलले होते ते रूळ आणि छत.

भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर ‘शांतता क्षेत्र’ म्हणून घोषित करण्याची तरतूद आहे. तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. नुसत्या फलकाने हॉर्न थांबत नाहीत. नवी शाळा बांधताना जिना, भांडारखोली, कार्यालय रस्त्याकडे आणि वर्ग मागच्या अंगाला घेतले, तर बराच आवाज वर्गापर्यंत येतच नाही. जुन्या इमारतीत निदान पहिली-दुसरीचे, वाचायला नुकती लागलेल्या मुलांचे वर्ग तरी शांत बाजूला हलवता येतात.