तुराट्यांची आग आणि टीबीचा जंतू

'गोळ्या चालू आहेत, मग खाण्यावर एवढा जोर कशाला?' कर्नाटकातलं भालकी, औराद, बसवकल्याण असो की आळंद, टीबीचा रुग्ण असलेल्या घरात हा प्रश्न निघतोच. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला महिन्याला ५०० ऐवजी १००० रुपये मिळू लागले, त्यामागेही हाच प्रश्न आहे.

फुप्फुसात शिरलेल्या जंतूला आधी भिडते ती महाभक्षी पेशी. एरवी ती ऑक्सिजन वापरून ग्लुकोज पुरतं जाळते. ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, सुमारे ३० रेणू हाती येतात. जंतूची चाहूल लागताच मात्र ती ऑक्सिजन असूनही झटपट, अर्धवट जाळू लागते. त्यातून निव्वळ दोनच मिळतात. चहा पटकन उकळायचा तर आपण चुलीत तुराट्या सारतो, रात्रभर धग हवी तर बाभळीचं लाकूड. तुराट्या भडकन पेटतात, पण मोळी भराभर संपते.

या धांदलीत क्रेब्स चक्र, म्हणजे पुरत्या ज्वलनाची साखळी, मध्येच अडतं आणि त्यातून इटाकोनेट नावाचा रेणू तयार होतो. इटाकोनिक आम्ल रसायनशास्त्रज्ञांना १८३६ पासून ठाऊक आहे. प्लास्टिक-रेझिनच्या कारखान्यांत ते वापरतात. तेच आपल्या पेशीही बनवतात आणि कोणत्या जनुकाच्या जोरावर, हे २०१३ मध्ये उलगडलं! चरबीवर जगणाऱ्या टीबीच्या जंतूला लागणारं एक विकर हा रेणू रोखतो. तो जनुक काढलेले उंदीर टीबीने लवकर दगावले; त्यांच्या फुप्फुसांतला दाह आवरेना. म्हणजे हा रेणू शस्त्रही आहे आणि लगामही.

लढणाऱ्या पेशीला ग्लुकोज इतकं भराभर लागतं, मग भरपूर साखर खावी का? मुळीच नाही. मधुमेहात रक्तात साखर ओसंडते, तरी टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. 'इम्युनिटी बूस्टर'च्या जाहिराती हा हिशेब सांगत नाहीत.

खरा पुरावा झारखंडातून आला. मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी २,८०० रुग्णांच्या घरांत प्रयोग केला. शिधा सगळ्याच रुग्णांना मिळाला; निम्म्या गटात घरच्यांनाही माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. २०२३ च्या 'लॅन्सेट'मधला निष्कर्ष असा, की त्या घरच्यांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. पेशींच्या आत काय घडलं, हे या प्रयोगात तपासलं नव्हतं. पण उपाशी शरीराची लढाई दुबळी पडते, हे त्याने ठामपणे दाखवलं.

कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या मातीत ती पिकते, तिथल्या टीबीग्रस्त घरात प्रत्येकाच्या ताटात डाळ पोचणं, हा गोळ्यांइतकाच उपचाराचा भाग मानायला हवा.